वेदीमागचे हात

परभणी जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, गोदावरीच्या उत्तर तीरापासून काहीसे आत वसलेले पाथरी हे गाव आज साईबाबांचे जन्मस्थान या श्रद्धेमुळे भाविकांस ठाऊक आहे. कापसाच्या काळ्या रानांमधून कल्याण-निर्मळ रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास ते तालुक्याच्या इतर दहा गावांसारखेच वाटेल. परंतु ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे म्हणून त्याची नोंद आहे, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घराण्यातला होता, असे फिरिश्त्याने आपल्या तवारिखेत लिहून ठेवले आहे. त्याच निजामशाहीच्या मुर्तजाने १५७० साली पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला, आणि त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशाहाने गोव्यास. दोन्ही वेढे अखेर उठले, आणि वेढ्यातून वाचलेल्या त्या गोवे शहरात पुढील शंभर वर्षांत ख्रिस्ती उपासनेसाठी जे मोठमोठे मंदिरसमूह उभे राहिले, ते पाहण्याच्या हेतूने मी पाथरीहून निघालो.

हा हेतू थोडा उलगडून सांगितला पाहिजे. आमच्या जिल्ह्यातील चारठाण्याची जुनी देवळे आणि शेजारच्या औंढ्याचा नागनाथ यांच्या सहवासात ज्याचे बालपण गेले, त्याला दगडावर चाललेल्या छिन्नीचे वेड लागावे यात नवल नाही. नरहरी सोनार हा कडवा शैव, आणि त्याला काम आले ते पंढरीच्या विठोबाच्या करदोड्याचे. परक्या दैवताच्या कमरेचे माप घेता घेता त्याच्या दृष्टीतले अंतर गळून पडले, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकत आलो. ख्रिस्ती धर्मग्रंथ वाचू लागलो तेव्हा निर्गमाच्या पुस्तकात बसालेल भेटला. रानोमाळ भटकणाऱ्या इस्राएल लोकांना देवाचा निवासमंडप उभारायचा असतो, आणि देवाने आपल्या आत्म्याने ज्याला परिपूर्ण केले असे तेथे म्हटले आहे, तो संदेष्टा नव्हे, राजा नव्हे, याजकही नव्हे. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा कारागीर आहे, आणि अहलियाब नावाचा दुसरा कसबी त्याच्या जोडीस दिलेला आहे. हाताच्या हुन्नरास ईश्वरी देणगी मानणारा हा उल्लेख वाचल्यापासून माझ्या मनात घोळत असलेला प्रश्न असा, की ज्या कारागिरांच्या हातांनी परधर्माची उपासनास्थाने सजविली, त्यांच्या कामातून आपणांस काय कळते? त्याचे उत्तर गोव्याइतके जवळ आणि गोव्याइतके भरघोस दुसरीकडे कोठे मिळेल असे मला वाटत नाही.

पाथरीहून माजलगाव, बीड, सोलापूर अशी वाट धरून कोल्हापुरास येईतो पायाखालची भूमी बदलत नाही. सर्वत्र तोच काळा कातळ, तीच काळी माती. आंबोलीच्या घाटमाथ्यावर मात्र तांबडा जांभा डोके वर काढतो, आणि सावंतवाडीस उतरलो की विहिरी, कुंपणे, घरांच्या भिंती सगळ्या त्याच दगडाच्या दिसू लागतात. काळा पाषाण कठीण, त्याला एकदा दिलेली धार शतकानुशतके टिकते. जांभा जमिनीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि हवा लागली की तो घट्ट होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रे असतात आणि पावसाचे पाणी तो भरभरून पितो. देशावरचा पाथरवट आणि कोकणचा चिरेकाढ्या यांच्या हत्यारांत, मापांत, अंगाच्या ढबीत जो फरक पडतो त्याचे मूळ या दगडांच्या स्वभावात आहे, आणि हा स्वभाव न ओळखता बांधलेली इमारत टिकत नाही, हे गोव्यात पुढे प्रत्यक्षच पाहावयाचे होते.

जुने गोवे हे एकेकाळचे राजधानीचे शहर. रोगराईने आणि व्यापाराच्या उताराने ओस पडलेले. मांडवीच्या काठच्या माडांतून आज वर दिसतात त्या केवळ इगर्जी, म्हणजे चर्चे, आणि मठ, आणि १९८६ पासून जागतिक वारशात त्यांची गणना झाली आहे. यांपैकी बॉम जेझूसच्या बासिलिकेकडे मी आधी वळलो. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी तिची कोनशिला बसली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेश द मेनेझिश यांच्या हस्ते तिचे समर्पण झाले. भोवतालच्या इतर इगर्जी पांढऱ्या चुन्याने झळाळतात. ही मात्र उघड्या जांभ्याची, गेरूच्या रंगाची, उभी आहे. जवळ गेल्यावर ध्यानात येते, की दर्शनी भिंतीचे स्तंभ, कमानींच्या कडा, मधला नक्षीचा पट्टा, शिरोभागी येशूच्या नावाची अक्षरे असलेले शिल्प, हे सारे काळ्या पाषाणाचे आहे. आणि हा पाषाण वसईहून, म्हणजे उत्तरेस सुमारे सव्वाशे कोसांवरून, गलबतांत घालून आणलेला आहे. ज्यावर रेघ ठरत नाही अशा दगडाच्या भिंतीत, जेथे रेघ ठरलीच पाहिजे तेथे सह्याद्रीचा कातळ बसविणाऱ्या त्या गवंड्यांच्या विवेकाचे मला फार कौतुक वाटले. नक्षी कोरण्यापूर्वी द्रव्याची योग्यता ओळखणे ही कारागीराची पहिली साधना होय. जे द्रव्य जे देऊ शकत नाही ते त्याच्याकडे मागू नये, आणि जे देऊ शकते ते पुरेपूर घ्यावे.

आत पाऊल टाकले की भिंतींचा साधेपणा आणि वेदीमागच्या सोनेरी लाकूडकामाचे वैभव यांतील विरोध एकदम अंगावर येतो. जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेल्या त्या प्रचंड कोरीव फळीच्या मध्यभागी, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची पुरुषभर उंचीहूनही मोठी मूर्ती आहे. त्यांच्या पायांशी बाळ येशूची लहानशी मूर्ती, कारण मंदिर तिच्या नावाचे. वर सूर्यासारख्या तेजोमंडलात येशूचे नामचिन्ह, आणि त्याहून वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा. इग्नेशियसची दृष्टी त्या नामचिन्हाकडे लागलेली आहे, आणि पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप त्यांच्या दृष्टीमागून वर जाते. सूत्रधाराने नजर वळविण्यासाठी कोठेही जोर केलेला दिसत नाही. पिळदार खांबांवरून द्राक्षवेली चढत राहतात आणि त्यांच्याबरोबर आपण.

सोन्याचा हा लखलखाट कसा सिद्ध होतो, हे प्रेक्षकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. लाकूड कोरून झाले म्हणजे त्यावर सरसात कालवलेल्या पांढऱ्या मातीचे एकावर एक थर देतात, प्रत्येक थर वाळला की घासून गुळगुळीत करतात, आणि कोरीव कामाच्या कडा त्या थरांखाली बुजू लागल्या तर त्या पुन्हा बारीक हत्याराने उघडून घेतात. मग तांबूस चिकणमातीचा हात, कारण तिच्याशिवाय सोन्यास ऊब येत नाही. त्यावर श्वासानेही उडून जाईल असा पातळ वर्ख. आणि अखेरीस अकीकाच्या घोटणीने दिवसचे दिवस घोटाई. म्हणजे आपणांस दिसतो तो केवळ शेवटचा, सर्वांत पातळ थर. त्याच्या खाली सुतार, चितारी आणि घोटाई करणारा यांचे न दिसणारे श्रम एकावर एक निजलेले असतात. मला वाटते, कोणत्याही उपासनेची रचना अशीच असते. सणाच्या दिवशी डोळ्यांस दिसणारा प्रकाश हा वर्खाचा असतो आणि त्याला धरून ठेवणारी माती नित्यनेमाची असते.

वेदीच्या अलीकडे भिंतीवर प्रवचनासाठी लाकडी पीठ आहे. त्याच्या बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे आचार्य कोरलेले आहेत, आणि सबंध पीठाचा भार तळाशी असलेल्या मानवाकृतींनी पेलला आहे. गोव्यातल्या कितीतरी इगर्जींत पीठाखालच्या या आकृतींस कमरेखाली नागासारखे वेटोळे दिलेले आढळते. युरोपातील नमुन्यात असलेली अर्धमानवी आकृती गोव्याच्या सुताराच्या हाती आली आणि त्याच्या मनातल्या नागकन्येशी तिने सोयरीक केली, अशी तिची उपपत्ती सांगतात, आणि ती मला पटते. उपदेश वरून परक्या भाषेत होत राहिला. त्याला खालून आधार देणारे रूप मात्र या मातीतले होते.

उजव्या हाताच्या कपेलात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. गोव्याचे लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि त्यांच्या दर्शनास येणाऱ्यांत ख्रिस्ती किती व हिंदू किती याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती १६३६-३७ साली गोव्याच्या सोनारांनी घडविली. मार्सेलो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाच्या पुढाकाराने ते काम झाले. तिच्या चारही बाजूंस बत्तीस फलकांवर संताच्या आयुष्यातील प्रसंग उठावात काढले आहेत. चांदीचा पत्रा राळेवर बसवून मागील बाजूने ठोकीत जावे, पुन्हा पालथा करून पुढून रेषा पक्क्या कराव्यात, पत्रा कडक झाला की भट्टीत लालबुंद करून त्याला मऊ आणावे, आणि पुन्हा ठोकावे, असा हा प्रकार. घाव मागून, चित्र पुढे. हातोडीचा एक ठोका अधिक बसला तर पत्रा फाटतो, एक कमी बसला तर चेहरा निर्जीव राहतो. आणि हे सारे ज्या वेळी चालू असते त्या वेळी सोनारापुढे चित्राची पाठ असते, म्हणजे खोलगट खड्डे तेवढे त्याला दिसतात. पुढच्या बाजूस काय उमटत आहे हे बोटांच्या स्मरणावर विसंबून तो ठोके घालीत राहतो. श्रद्धा या शब्दाचा अर्थ मला अनेक प्रवचनांपेक्षा या राळेवरच्या कामाने अधिक स्पष्ट करून दिला.

पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लोरेन्सचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट दिला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या नामांकित शिल्पकाराने घडविला, आणि १६९८ साली तो गोव्यात बसविण्यासाठी प्लाचिदो रांपोनी हा माणूस समुद्रमार्गे खास आला. चौथऱ्याच्या चार बाजूंस ब्राँझचे चार फलक आहेत. काम निःसंशय उत्तम. तथापि मला येथे एक गोष्ट बोचली. खालच्या चौथऱ्याचे दान देणारा, घडविणारा आणि बसविणारा, तिघांचीही नावे इतिहासास माहीत आहेत. वरच्या पेटीचे बत्तीस फलक ज्यांनी ठोकले त्या गोव्याच्या सोनारांची नावे कोणी पाटीवर लिहिलेली नाहीत. दरसाल लाखो माणसे ज्या वस्तूसमोर हात जोडतात तिचे कर्ते असे नामशेष व्हावेत हा न्याय नव्हे. निरहंकार हा कारागीराचा गुण आहे हे खरे, पण त्याचा आधार घेऊन त्याचे नाव गाळणे हा दप्तर ठेवणाऱ्यांचा दोषच आहे.

ही माणसे कोण होती? त्यांतील काही बाप्तिस्मा घेतलेली होती, काही आपल्या जुन्या धर्मातच होती. गोव्याच्या सोनारांची कीर्ती पोर्तुगीज आल्याबरोबर त्यांच्या राजदरबारी पोचली होती. राउलू शेट नावाचा गोव्याचा सोनार सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतच लिस्बनला राजा मानुएलच्या पदरी काम करून आला. १५६७ साली गोव्यात जी पहिली धर्मप्रांतीय परिषद भरली, तिने ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती व वस्तू अन्यधर्मी कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. आणि अशी मनाई पुढेही करावी लागली, यावरूनच ती पाळली जात नव्हती हे उघड होते. त्याच काळात साष्टी आणि बारदेशातील देवळे पाडली जात होती, माणसे रात्रीतून देव पाठीवर घेऊन नदीपार अंत्रूज महालात जात होती. हे विसरून या सोन्याचांदीचे गोडवे गाणे मला शक्य नाही. ज्यांच्या ग्रामदैवताचा गाभारा कालपरवा जमीनदोस्त झाला, त्यांच्याच आळीतल्या सोनारापुढे क्रुसाचा नमुना ठेवला जाई, आणि तो सोनार त्या क्रुसाच्या कामात कसर ठेवीत नसे. पोटासाठी केले असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. पोटासाठी केलेले काम बेतास बात होऊ शकले असते. ही कामे बेतास बात नाहीत. आपल्या हातून निघणारी वस्तू हीन निघू द्यायची नाही हा त्यांचा स्वतःशी केलेला करार होता, आणि सत्तेच्या हुकमाला तो करार मोडता आला नाही.

संत मोनिकेच्या मठात, जो १६०६ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झाला, आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते प्रथम १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उघडले होते आणि २००२ मध्ये येथे आले. येथील वस्तूंत एक चांदीचा पेलिकन पक्षी आहे. गोलकावर उभा राहून तो चोचीने आपली छाती उघडीत आहे. आपल्या रक्तावर पिलांना पोसणारा हा पक्षी म्हणजे स्वतःचे शरीर अन्न म्हणून देणाऱ्या ख्रिस्ताचे जुने प्रतीक, आणि म्हणून पवित्र भाकर ठेवण्याच्या पात्रास हे रूप दिलेले. युरोपातल्या पुस्तकातील चित्रावरून घडविलेल्या या पक्ष्याची मान मात्र आपल्याकडच्या समईवरील हंसाच्या वळणाने वळलेली मला दिसली.

गोव्याच्या हस्तिदंती कामात ‘चांगला मेंढपाळ’ हा विषय तर जगात इतरत्र कोठेही नाही अशा रीतीने हाताळला गेला आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या हस्तिदंतात सतराव्या शतकात घडलेल्या या मूर्ती आज देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्या आहेत. डोंगराच्या माथ्यावर एक बालक पायावर पाय टाकून बसलेला, गाल तळहातावर टेकलेला, डोळे मिटलेले; खांद्यावर एक कोकरू, मांडीवर एक; खाली झरा, त्यावर पाणी पिणारी मेंढरे; आणि सर्वांत खालच्या गुहेत ग्रंथ वाचीत पहुडलेली मग्दालीची मरीया. हरवलेले मेंढरू शोधण्यास धावणारा मेंढपाळ शुभवर्तमानात आहे. गोव्याच्या कारागीराने त्याला ध्यानस्थ केले. हस्तिदंत खाली रुंद आणि वर निमुळता असतो, म्हणून डोंगराचा आकार त्याला द्रव्यानेच सुचविला. आणि मिटलेले डोळे सुचविले ते बोधिवृक्षाखालच्या आणि कैलासावरच्या मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या दृष्टीने. जो धावतो तोच अंतर्यामी स्थिर असतो, हे सांगण्यासाठी एखाद्या धर्मपंडिताला ग्रंथ लिहावा लागला असता.

तिसवाडीतल्या एका खेड्याच्या इगर्जीत वेदीची डागडुजी चालली होती, तेथे एका वृद्ध चाऱ्याची गाठ पडली. चारी म्हणजे तिकडचा सुतार. मान देऊन हाक मारायची तर मेस्त म्हणावे. वेदीची कोरीव फळी सुटी करून भिंतीपासून पुढे ओढली होती, त्यामुळे तिची मागची बाजू पाहावयास मिळाली. तिच्यावर वासल्याचे ओबडधोबड घाव तसेच होते, रंधा मुळीच फिरविलेला नव्हता.

मी म्हणालो, “मेस्त, देवाच्या घरचे काम, आणि पाठ अशी खडबडीत ठेवली?”

“पाठीला नक्षी कशाला हवी, साहेब?” ते म्हणाले. “तिथं हात घालून बघा. सांधा बघा. पुढं माणसं बघतात, मागं वाळवी बघते. म्हणून मागं वारा खेळायला वीतभर जागा सोडली, आणि सांधे असे बसवले की खिळा नको. माझ्या आज्यानं हीच फळी एकदा उतरवली होती. त्यानंही पाठ गुळगुळीत केली नाही.”

“तुम्ही स्वतः कोणत्या देवाचे?”

“आम्ही रवळनाथाचे. पण इथं कामाला आलो की पहिला दिवस उपास असतो. तो आज्यापासून चालत आला.”

देव सर्वत्र पाहतो म्हणून न दिसणारी बाजूही तितकीच सजवावी, असा उपदेश आपण वारंवार ऐकतो. त्या वृद्धाच्या बोलण्याने मला त्याहून अधिक खरे काहीतरी दिले. न दिसणाऱ्या बाजूस शोभा नको, सचोटी हवी. जेथे भार आहे तेथे बळ, जेथे ओल आहे तेथे वारा. सजावटीचा अतिरेक हाही एक प्रकारचा असत्याचार आहे, आणि उपासनेच्या कामात तो अधिकच वर्ज्य.

कसबाची ही देवघेव एकमार्गी नव्हती. अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, विस्थापित देवांची जी देवळे पुढे उभी राहिली, त्यांच्या घुमटांत, कमानदार खिडक्यांत आणि दीपमाळांच्या मजल्यांत इगर्जींवर राबलेल्या गवंड्यांचा हात स्पष्ट ओळखू येतो. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, १७३८ साली, नारोराम मंत्र्याच्या खटपटीने बांधलेले कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ पाहावे. आणि त्यानंतर एकाच वर्षाने वसई पडली तेव्हा चिमाजी आप्पांच्या सैन्याने तेथील इगर्जींच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या. १७२९ साल कोरलेली एक भीमाशंकरास आहे. १७२१ ची एक नाशिकास नारोशंकराच्या, म्हणजे रामेश्वराच्या, देवळावर, आमच्याच गोदावरीच्या काठी, टांगलेली आहे. मेरीच्या स्तोत्राची वेळ सांगण्यासाठी ओतलेले ते काशाचे मिश्रण रामेश्वराच्या दारीही तितक्याच शुद्ध सुरात वाजत राहिले. ओताऱ्याने धातूत जे प्रामाणिकपणे घातले ते धनी बदलला तरी धातूतून गेले नाही.

राशोलच्या सेमिनरीकडे मी गेलो तो लाकूडकामासाठी नव्हे. तेथे दुसऱ्या एका कारागीराचे स्मरण करावयाचे होते. इंग्लंडातील विल्टशरचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, चाळीस वर्षे साष्टीत राहिले, आणि येथल्या नवख्रिस्ती लोकांनी सोडून दिलेल्या पुराणश्रवणाची जागा भरून काढण्यासाठी त्यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. एकनाथांनी पैठणास देह ठेवल्याला तेव्हा दोन दशकेही झाली नव्हती. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीच्या इगर्जींत सणावारी गायिला जाई. परकी भाषा इतक्या आदराने शिकणे, तिच्या छंदाला आपल्या आशयाच्या सोयीसाठी मोडतोड न करता आशयच त्या छंदात बसेतो घासणे, ही राळेवरच्या ठोक्यांइतकीच चिकाटीची साधना आहे. पैठण-पाथरीच्या मुलखातला वाचक तो ग्रंथ उघडील तर त्याला आपल्या घरचीच ओवी ख्रिस्तकथा सांगताना ऐकू येईल, आणि मराठीच्या अभ्यासक्रमात त्याला आज मिळते त्याहून फार मोठे स्थान मिळाले पाहिजे असे माझे मत आहे.

परतण्यापूर्वी मी पुन्हा बॉम जेझूसच्या बाह्य भिंतीपाशी गेलो. ही इगर्ज मुळात अशी उघडी नव्हती. इतरांसारखाच तिच्यावरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमारास बाल्ताझार काश्त्रु या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या सांगण्यावरून, ती अधिक प्राचीन दिसावी या कल्पनेने, तो खरवडून काढण्यात आला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट जांभ्यावर कोसळतो. कित्येक चिऱ्यांचे पृष्ठभाग भुकटी होऊन गळतात, खळगे पडले आहेत, आतल्या ओलीने लाकूडकामास आणि चित्रांस धोका पोचतो, आणि बासिलिकेचे धर्मगुरू गेली काही वर्षे पुन्हा गिलावा करण्याची मागणी जाहीरपणे करीत आले आहेत. दुसरीकडे, तांबडे रूप हेच आता या वास्तूची ओळख झाले आहे असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि चित्रांतून, पत्रकांतून त्याच रूपाचा प्रसार झाला आहे.

या प्रकरणात मला सर्वांत मोठा पाठ दिसतो. चांदीचा सोनार, सोनेरी वर्खाचा चितारी, हस्तिदंताचा कोरक्या यांचे काम पाहून आपण थक्क होतो. चुना मळणारा, तो महिनोन्‌महिने भिजवून मुरविणारा, थापीने भिंतीवर चढविणारा आणि दर पावसाळ्यानंतर सणाच्या आधी सफेदीचा हात फिरविणारा मजूर कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्याचे काम मुद्दामच झिजण्यासाठी केलेले असते. भिंत झिजू नये म्हणून गिलावा झिजतो, आणि झिजला की पुन्हा करावा लागतो. ज्या पेलिकनच्या प्रतीकाची आपण काचेच्या कपाटात ठेवून स्तुती करतो, त्याचा अर्थ त्या भिंतीवर साडेतीन शतके दरसाल चुन्याने आचरला जात होता. दर्शनी सौंदर्याच्या एका हौशीपायी सर्वांत नम्र कारागीराची कामगिरी अनावश्यक ठरविली गेली, आणि त्याचा दंड सोने, चांदी व लाकूड भरीत आहेत. युरोपातून आलेली भग्नावशेषांची आवड जांभ्याच्या मुलखाला मानवत नाही. वसईच्या काळ्या पाषाणावर रेघ आणि जांभ्यावर चुना, हे मूळच्या गवंड्यांनी ओळखले होते.

म्हणून माझे स्पष्ट म्हणणे असे, की पुरातत्त्व खात्याने अधिक दिरंगाई न करता या भिंतींवर योग्य घडणीचा चुन्याचा गिलावा पुन्हा चढवावा. सिमेंटचा नव्हे, कारण सिमेंट जांभ्याचा श्वास कोंडते. आणि ते काम गोव्याच्या खेड्यांतून अजून उरलेल्या चुनेगवंड्यांकडून करवून घ्यावे, त्यांची नावे या खेपेस तरी दप्तरी नोंदवून. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दशवार्षिक जाहीर दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात होऊन गेले. पुढचे २०३४ साली यावयाचे आहे. ज्या मराठी वाचकांना गोव्यास जावयाचे असेल त्यांनी त्या गर्दीची वाट पाहू नये. पावसाळा सरल्यावर, आठवड्यातील साध्या दिवशी, सकाळच्या मिस्सेनंतर जावे, प्रवचनपीठाच्या तळाशी असलेल्या आकृती पाहाव्यात, चांदीची पेटी जेवढी दिसेल तेवढी खालून निरखावी, आणि बाहेर आल्यावर भिंतीस हात लावून चिऱ्यांची अवस्था स्वतः पाहावी.